चकलीचा नियम कुठे आहे? डंजन्स अँड ड्रॅगन्स शिकण्याची पन्नास वर्षं

ज्यांना एसटीत बसून ऐकायचं होतं पण घाटात रेंज गेली, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. "ताई, ते फासे टाकून, कागदावर पात्र लिहून, टेबलाभोवती बसून खेळतात ना, ते सुरू कसं करायचं?" आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे. त्यामुळे उत्तर इतिहासातूनच येणार. पण सुरुवात मी माझ्या एका फजितीपासून करते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी साताऱ्याला मामाकडे होते. मामेभाऊ तेव्हा नववीत. त्याने 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितलेली आणि पहिल्याच भागात ती चार पोरं तळघरात बसून जे खेळतात, त्याचं त्याला वेड लागलेलं. मी म्हटलं, "त्यात काय, मी शिकवते." दोन रात्री जागून मोबाइलवर इंग्रजी नियम वाचले. पाडव्याच्या दुपारी आम्ही पाच जण बसलो: मी, मामेभाऊ, त्याचे दोन मित्र आणि शेजारची आठवीतली मुलगी. पात्रं तयार करण्यातच दीड तास गेला. शेवटी एकदाचे सगळे गुहेच्या तोंडाशी पोचले. समोर एक गॉब्लिन उभा. गॉब्लिन म्हणजे बुटका, हिरवट, चिडका राक्षस समजा. मी म्हटलं, "आता काय करता?" दोघं ओरडले, "तलवार!" आणि ती शेजारची मुलगी हातातल्या ताटलीकडे बघून म्हणाली, "मी त्याला चकली देते."

सगळे हसले. मी मात्र घाबरले. चकली दिल्यावर काय होतं हे मी वाचलंच नव्हतं. मी मोबाइल उचलला आणि पानं सरकवायला लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक मित्र रील बघायला लागला, दुसरा फटाके उडवायला खाली गेला. ती मुलगी तेवढी बसून होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "म्हणजे असं करता येत नाही का?"

आणि ती पण उठून गेली.

"असं करता येतं का?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग मी या खेळाचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं की हा सगळा खेळ याच एका प्रश्नातून जन्माला आलाय. शिवाय माझी जी फजिती झाली, तीच पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत शेकडो लोकांची झाली होती. चला, मागे जाऊ.

पंच आणि त्याचे तक्ते

सुरुवात करूया प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या एका भागात. साल १८२४. फॉन राइसविट्झ नावाचा एक तरुण लेफ्टनंट एक युद्धखेळ प्रसिद्ध करतो. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची, पण मुलाने ती नीट बांधली. खेळाचं नाव 'क्रीगश्पील', अर्थ साधा: युद्धाचा खेळ. खऱ्या नकाशावर छोटे ठोकळे म्हणजे पलटणी. दोन बाजूंचे अधिकारी एकमेकांचं सैन्य बघू शकत नाहीत. ते आपले हुकूम मधल्या पंचाला देतात. पंच फासे टाकतो, तक्ते बघतो आणि सांगतो की काय झालं. सैन्यप्रमुखाला हे इतकं आवडलं की राजाच्या आज्ञेने तो पलटणींमध्ये वाटला गेला.

पण अडचण काय झाली? तक्ते भारी पडायला लागले. पंचाचा सगळा वेळ आकडेमोडीत जायचा आणि खेळणारे ताटकळत बसायचे. ओळखीचं वाटतंय ना? मग १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा नावाच्या प्रशियाच्या अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते बाजूला ठेवा. पंच अनुभवी माणूस आहे, त्यालाच ठरवू द्या. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच दोन पक्ष पडले होते. एक म्हणतो पुस्तकात बघ, दुसरा म्हणतो माणसाला विचार. हा वाद लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

याच धर्तीवर अमेरिकी सैन्यातल्या चार्ल्स टॉटनने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' नावाचं पुस्तक लिहिलं. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडलं. जवळपास नव्वद वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या शेवटी, मिनेसोटा राज्यातल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाच्या ते हाती लागलं. त्यातली एक कल्पना त्याला फार भावली: खेळाडूने काहीही करायचं म्हटलं, तर ते होतं की नाही हे पंच ठरवेल. नियमात लिहिलेलं असलंच पाहिजे असं नाही.

फसलेला खेळ

१९६९. वेस्ली आपल्या मित्रमंडळींसाठी नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडतो. 'ब्राउनश्टाइन' हे एक काल्पनिक जर्मन गाव, दोन बाजूंनी सैन्यं येतायत. पण मित्र जमले जास्त. सगळ्यांना पलटणी कुठून देणार? म्हणून त्याने उरलेल्यांना गावातली माणसं करून टाकलं. कुणी महापौर, कुणी सावकार, कुणी विद्यार्थ्यांचा पुढारी. प्रत्येकाचा हेतू वेगळा.

वेस्लीचा बेत असा होता की एकेकाने बाजूच्या खोलीत येऊन आपला डाव सांगायचा. पण पोरं ऐकतायत कुठली? ती आपापसातच कुजबुजायला लागली, कट रचायला लागली. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. द्वंद्वाचा नियम वेस्लीकडे नव्हताच! त्याने तिथल्या तिथे काहीतरी ठरवून फासे टाकले. सैन्यं राहिली बाजूला, लढाई झालीच नाही. रात्री वेस्लीला वाटलं, आपला खेळ साफ फसला.

मित्र मात्र विचारत होते, "परत कधी?"

मला ही गोष्ट फार आवडते. कारण वेस्ली आणि मी एकाच जागी अडकलो होतो. समोरच्याने अनपेक्षित काही केलं आणि नियम संपले. तो पुस्तकात शोधत बसला नाही, त्याने ठरवून टाकलं. मी शोधत बसले.

त्या मित्रांमध्ये डेव्ह आर्नसन होता. विद्यापीठात इतिहास शिकणारा, अतिशय खोडकर डोक्याचा. नंतरच्या एका ब्राउनश्टाइनमध्ये तो खेळाला येताना बनावट ओळखपत्र घेऊनच आला आणि आपण अमेरिकी गुप्तहेर आहोत असं बाकीच्यांना पटवून मोकळा झाला. असं करता येतं का? येतं!

१९७१ च्या सुमारास आर्नसनने स्वतःचा खेळ सुरू केला. ब्लॅकमूर नावाचं राज्य, त्यात एक किल्ला आणि किल्ल्याखाली भुयारं. इंग्रजीत त्याला डंजन म्हणतात. खेळाडू ती भुयारं धुंडाळायचे, राक्षसांशी लढायचे, खजिना शोधायचे. मुख्य म्हणजे एका रात्री खेळ संपला तरी पात्र संपायचं नाही. पुढच्या आठवड्यात तेच पात्र, थोडं अधिक अनुभवी होऊन, पुन्हा यायचं. नियम काही वहीत, बरेचसे आर्नसनच्या डोक्यात.

बोलणारा आणि लिहिणारा

आता दुसरा माणूस. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातला गॅरी गायगॅक्स. पाच मुलांचा बाप. शिकागोत विमा क्षेत्रातली नोकरी होती, १९७० मध्ये ती गेली. मग घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून घर चालवायचा. पण युद्धखेळांचा नाद जबरदस्त आणि लिहिण्याचा त्याहून. १९६८ मध्ये त्याने गावात युद्धखेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला, तोच पुढे 'जेन कॉन' म्हणून गाजला. १९७१ मध्ये जेफ पेरेनसोबत त्याने 'चेनमेल' हे नियमपुस्तक काढलं. मध्ययुगीन लढायांचं, आणि शेवटी जादूगार, ड्रॅगन यांची पुरवणी. आर्नसन ब्लॅकमूरमध्ये हेच पुस्तक थोडंफार वापरायचा.

१९७२ च्या अखेरीस आर्नसन लेक जिनिव्हाला आला आणि गायगॅक्सच्या घरी त्याने ब्लॅकमूर खेळवला. गायगॅक्स वेडाच झाला. त्याने आर्नसनकडून टिपणं मागवली. आली ती वीसेक पानं, तीही तुटक. त्यातून गायगॅक्सने आधी पन्नास पानांचा मसुदा केला, मग वाढवत वाढवत दीडशेचा. आपल्याच पोरांवर तो तपासला. नाव कुठलं ठेवायचं याच्या जोड्या लिहून काढल्या, आणि धाकट्या मुलीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निवडलं असं तो नेहमी सांगायचा.

प्रकाशक मिळेना. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी स्वतःच कंपनी काढली. छापायला पैसे कमी पडले तेव्हा ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार आला. जानेवारी १९७४ मध्ये खेळ बाहेर पडला. लाकडाच्या रंगाचं खोकं, आत तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १०००. खोकी त्यांनी घरीच भरली. वर्षाच्या आत सगळ्या संपल्या.

इथे थोडं थांबूया. ज्याच्या घरी हा खेळ बोलण्यातून जन्मला तो आर्नसन, आणि ज्याने कागदावर आणला तो गायगॅक्स. पहिल्या खोक्यावर दोघांची नावं होती. नंतर 'अॅडव्हान्स्ड' नावाने मोठी पुस्तकं निघाली, त्यांवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्सचं नाव आलं. १९७९ मध्ये आर्नसन कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. तुम्ही कुणाची बाजू घ्याल? मला विचाराल तर दोघंही खरे होते. लिहिलं नसतं तर खेळ मिनेसोटातल्या त्या मित्रांसोबतच विरला असता. आणि बोललाच गेला नसता तर लिहायचं काय होतं? पण जे बोलून शिकवलं जातं त्याचं श्रेय कागदावर यायला उशीर होतो, हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे आजीच्या ओव्यांखाली कुठे आजीचं नाव असतं?

पुस्तक होतं, पण कळत नव्हतं

आता येतो तुमच्या प्रश्नावर. समजा १९७४ मध्ये तुम्ही ते खोकं विकत घेतलं. घरी आणलं, उघडलं. काय दिसतं?

पहिली गोष्ट, 'रोल-प्लेइंग गेम' हे शब्दच त्यावर नाहीत. वर लिहिलंय की हे मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांचे नियम आहेत. खेळाडू किती? ४ ते ५०. एका पंचाला साधारण २० खेळाडू. पन्नास माणसं, अहो, एवढी साखरपुड्याला येतात! लढाईसाठी तुमच्याकडे चेनमेल आहे असं धरून चाललेलं. रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या एका बोर्ड गेमचा पट वापरा, असा सल्ला. वीस बाजूंचे, बारा बाजूंचे फासे हवेत, आणि ते तेव्हा मिळायचे शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून.

एकच पान असं होतं जिथे नवख्या माणसाला उजेड दिसायचा. तिसऱ्या पुस्तिकेत पंच आणि खेळाडू यांच्यातला एक छोटासा संवाद छापला होता. पंच सांगतो समोर काय आहे, खेळाडू सांगतो आम्ही काय करतो, पंच सांगतो पुढे काय झालं. म्हणजे बघा, अख्ख्या खोक्यात खेळ खरा कळायचा तो जिथे माणसं बोलतायत तिथेच.

मग लोक शिकले कसे? एकमेकांकडून. कॉलेजातला कुणीतरी दुसऱ्या गावी खेळून यायचा, वसतिगृहात शिकवायचा. पुस्तिकांच्या झेरॉक्स फिरायच्या. आणि ज्यांना शिकवणारं कुणी नव्हतं?

त्यांपैकी एक होता अॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातला केन सेंट आंद्रे. त्याने एका मित्राकडे ते नियम वाचले. कल्पना जाम आवडली, नियम काही पटेनात. मग त्याने काय केलं? बसून स्वतःचेच नियम लिहिले. सगळ्या घरांत असतात ते साधे सहा बाजूंचे फासे वापरायचे, बस. १९७५ मध्ये त्याने शंभरेक प्रती छापल्या. खेळाचं नाव 'टनेल्स अँड ट्रोल्स'. पुढच्याच वर्षी याच खेळासाठी एकट्याने खेळायचं साहस निघालं, म्हणजे शिकवायला किंवा जोडीला कुणी नसलं तरी चालेल. नवखा माणूस अडला आणि त्यातून दुसरा खेळ जन्मला. आजही तो खेळला जातो.

डॉक्टर आणि चिठ्ठ्या

दुसरा माणूस माझा आवडता. जॉन एरिक होम्स. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात मेंदूविकारशास्त्र शिकवणारा डॉक्टर. मुलांसोबत हा खेळ खेळायचा. त्याला दिसत होतं की खेळ भन्नाट आहे आणि पुस्तिका नवख्याला कळण्यासारख्या नाहीत. त्याने कंपनीला कळवलं की मी नवख्यांसाठी हे पुन्हा नीट लिहून देतो. कंपनी हो म्हणाली.

१९७७ मध्ये होम्सचा 'बेसिक सेट' आला. निळसर मुखपृष्ठाचं एकच पुस्तक. त्याने काय केलं ऐका. पात्राच्या फक्त पहिल्या तीन पातळ्या घेतल्या. बाकी सगळं पुढच्यासाठी ठेवलं. आणि शेवटी एक तयार भुयार जोडलं: एका जादूगाराच्या पडक्या मनोऱ्याखालचं. म्हणजे वाचा, आणि आज रात्री खेळा.

खप वाढला आणि १९७९ च्या सुमारास फासेच पुरेनात. तेव्हा कंपनीने खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या. त्या कापायच्या, कपात टाकायच्या आणि एकेक काढायची. आपली चिठ्ठ्या काढायची पद्धत हो! "आमच्याकडे ते फॅन्सी फासे नाहीत" म्हणून अडून बसलेल्यांनी हे लक्षात ठेवा. खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अधिकृत खोक्यातून हजारो मुलं चिठ्ठ्यांवर खेळायला शिकली.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९७९ मध्ये, मिशिगनमध्ये एक विद्यार्थी बेपत्ता झाला. खासगी गुप्तहेराने तर्क लढवला की तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांमध्ये हाच खेळ खेळताना हरवला असेल. वर्तमानपत्रांनी तेच उचलून धरलं. महिन्याभरात तो सापडला. त्याचं दुःख वेगळंच होतं, खेळाशी त्याचा संबंध नव्हता. पण बोभाटा झाला तो झालाच. पुढची काही वर्षं अमेरिकेत पालक आणि धार्मिक गट या खेळाला सैतानी म्हणत राहिले. दुसरीकडे, ज्यांनी कधी नाव ऐकलं नव्हतं तेही दुकानात जाऊन खोकं मागायला लागले. यातून एक नवी अडचण उभी राहिली. आता घेणारी दहा-बारा वर्षांची मुलं होती आणि त्यांच्या आजूबाजूला हा खेळ येणारं कुणीच नव्हतं.

म्हणून १९८१ मध्ये टॉम मॉल्डवे याने बेसिक सेट पुन्हा लिहिला. त्यात सूत्रधाराला दिलेला एक सल्ला मी भिंतीवर लावावा असा आहे. माझ्या शब्दांत सांगते: नियमात नसलेलं काही खेळाडूला करायचं असेल तर नाही म्हणू नका, काहीतरी शक्यता ठरवा आणि फासा टाकायला लावा. वेस्लीने १९६९ मध्ये घाईघाईत जे केलं, ते अखेर नवख्यांच्या पुस्तकात उतरलं.

आणि १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झरचं लाल खोकं आलं. वर लॅरी एलमोरने काढलेला लाल ड्रॅगन. यात नियम नंतर येतात, आधी गोष्ट येते, आणि गोष्टीतला योद्धा म्हणजे तुम्ही. तुम्ही गुहेत जाता, अलीना नावाची एक तरुण धर्मसाधिका भेटते, ती तुम्हाला बरं करते, सोबत करते. आणि मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारून टाकतो. वाचणाऱ्याला कळतही नाही की या दहा-पंधरा मिनिटांत आपण मार कसा लागतो, जादू म्हणजे काय, फासा कधी टाकायचा हे शिकलो. आज पन्नाशीतले कितीतरी खेळाडू अलीनाच्या मरणाने अजून हळहळतात. हे खोकं अनेक भाषांत गेलं. आपल्या मुलांपर्यंत तेव्हा पोचलं नाही, एवढंच.

कुंपण काढलं गेलं

पुढचं पटकन सांगते. १९८५ मध्ये गायगॅक्सला त्याच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. १९९७ मध्ये कंपनी विकली गेली. २००० मध्ये नव्या मालकांनी नियमांचा गाभा एका खुल्या परवान्याखाली दिला, म्हणजे इतरांना त्यावर आपली पुस्तकं काढता येऊ लागली. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि तिचे मूलभूत नियम इंटरनेटवर फुकट ठेवले गेले. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल'सारखे कार्यक्रम सुरू झाले, अभिनेते खेळतायत आणि जग बघतंय. १९७४ च्या पुस्तिकेतला तो एका पानाचा संवाद आता तीन-चार तासांचा झाला!

आणि जानेवारी २०२३. कंपनीने खुला परवाना बदलायचा घाट घातला, खेळाडू प्रचंड चिडले आणि शेवटी कंपनीने माघार घेतली. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुला झाला. याचा आपल्यासाठी अर्थ काय? मूळ श्रेय देऊन तुम्ही ते नियम कायदेशीरपणे वापरू शकता, वाटू शकता, मराठीत आणू शकता. कुणाची परवानगी लागत नाही.

आर्नसन २००९ मध्ये गेला, गायगॅक्स त्याच्या आदल्या वर्षी. ज्या वस्तूवरून ते कोर्टात गेले, तिचा गाभा आता तुमच्या मोबाइलमध्ये फुकट येतो.

तर मग सुरू कसं करायचं?

इतिहासाने जे शिकवलं तेवढंच सांगते.

होम्सकडून: थोडक्यात सुरू करा. तीन ते पाच जण, दोन-अडीच तास, एक भुयार, पाच-सहा खोल्या. अख्खं जग रचत बसू नका. पात्रं सूत्रधाराने आधीच तयार करून आणली तर उत्तम.

मेंट्झरकडून: नियम आधी समजावू नका. "तुम्ही वाड्याच्या पडक्या दिंडीदरवाज्यात उभे आहात, आतून कण्हण्याचा आवाज येतोय" असं म्हणा आणि जेव्हा लागेल तेव्हाच तो नियम सांगा. पाचव्या आवृत्तीत बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: वीस बाजूंचा फासा टाका, पात्राच्या गुणाचा आकडा मिळवा, सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त आला की जमलं.

सेंट आंद्रेकडून: घरात आहे ते वापरा. सापशिडीचे फासे, कपातल्या चिठ्ठ्या किंवा मोबाइलवरचा फासा. एखादा नियम पटत नसेल तर सगळ्यांना विचारून बदला.

व्हेर्न्वा, वेस्ली आणि मॉल्डवेकडून: अडलात तर शोधत बसू नका. ठरवा, सांगा, फासा टाका, पुढे चला. चुकलं तर रात्री पुस्तकात बघा आणि पुढच्या वेळी दुरुस्त करा. फक्त एक पाळा: फासा टाकायच्या आधी दोन्ही बाजू सांगा. जमलं तर काय आणि फसलं तर काय. मग कुणाला अन्याय वाटत नाही.

आणि एक माझ्याकडून. खेळ मराठीत खेळा. नियम इंग्रजीत असले म्हणून घाबरणंही इंग्रजीत करायची गरज नाही. "यू सी अ डोअर" म्हटल्यावर पोरं गप्प बसतात आणि "दाराला आतून कडी आहे" म्हटल्यावर चौघं एकदम बोलायला लागतात, हे मी स्वतः बघितलंय.

चकलीचा नियम

आता शेवटची गोष्ट. हे सगळं वाचताना मला चकलीचा नियम सापडला.

खरंच! १९७४ च्या पुस्तिकांमध्येच होता. समोरचा राक्षस कसा वागेल हे माहीत नसेल तर दोन साधे फासे टाका. बेरीज कमी आली तर तो बिथरला, मधली आली तर गोंधळला, जास्त आली तर त्याचा कल तुमच्याकडे. आणि देऊ केलेली लाच बघून बेरीज वरखाली करायलाही मुभा होती. मॉल्डवेच्या १९८१ च्या पुस्तकात तर २ आले तर थेट हल्ला आणि १२ आले तर चक्क मैत्री. म्हणजे राक्षसाला तलवार दाखवायच्या आधी काही देऊन बघावं, हे पहिल्या दिवसापासून खेळात होतं. "असं करता येत नाही का?" या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षं छापलेलं होतं. मलाच माहीत नव्हतं. आणि माहीत नसतं तरी काय बिघडलं असतं? वेस्लीसारखं ठरवून टाकता आलं असतं.

पुढच्या दिवाळीला मी पुन्हा साताऱ्याला गेले. त्या मुलीच्या घरी जाऊन म्हटलं, "मागच्या वर्षीचं राहिलंय. गॉब्लिन अजून गुहेच्या तोंडाशी उभा आहे. तू चकली पुढे केलेली." ती आधी लाजली, मग बसली. मामेभाऊ आला, बाकीचे आले. मी सापशिडीचे दोन फासे तिच्या हातात दिले. म्हटलं, "चकली मामीच्या हातची आहे, म्हणून बेरजेत एक जास्त धर. दहाच्या वर गेलं तर तो तुमचा. पाचच्या आत आलं तर तो चकली पण घेईल आणि तुझा हात पण चावेल. मधलं आलं तर नुसता बघत राहील."

तिने टाकले. सहा आणि चार. चकलीचा एक धरून अकरा.

त्या गॉब्लिनचं नाव पोरांनी 'भाजणी' ठेवलं. तो अडीच तास त्यांच्यासोबत फिरला, भुयारातल्या दोन सापळ्यांतून त्याने त्यांना वाचवलं. आणि संपताना ती मुलगी मला म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी गोष्ट मी सांगू?"

ती आता अकरावीत आहे. दर रविवारी तिच्याकडे सहा जण जमतात. तिने नियमांचं पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "लागतं तेव्हा बघते ना."

तर मंडळी, या रविवारी कुणाला तरी बोलवा. पहिलं वाक्य तुमचं, आणि त्यानंतर फक्त एवढं विचारा, "आता तू काय करतोस?" काय झालं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू, तोवर ऐकत राहा!